छपाईत येताय? आधी खातं बघा

छपाईच्या धंद्यात यावं का, असं विचारणाऱ्या मुलांना मी सांगतो, जरूर या. पण कोणत्या खात्यात उभं राहणार ते आधी बघा. आमच्याकडे एकेकटा माणूस क्वचितच जातो, अख्खं खातंच जातं. आधी खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवणारे कंपोझिटर गेले. मग सीटीपी आलं, कॉम्प्युटरवरून थेट छपाईची प्लेट निघू लागली आणि फिल्म काढणारे, काचेच्या टेबलावर भिंग लावून पॉझिटिव्ह चिकटवणारे सगळे एकदम रिकामे झाले. त्यांच्या हाताला तोड नव्हती. कामच उरलं नाही.

मी लोअर परळला ऑफसेटवर लागलो. गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले, गाळ्यांचे भाव चढले, तशा प्रेस वसई-भिवंडीकडे सरकल्या. आमचीही गेली. रोजचा प्रवास न झेपलेल्या कित्येकांनी राजीनामे लिहून दिले, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. कारण राजीनामा दिला की कपातीची भरपाई मागता येत नाही. वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला कमी करताना 1 महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय पूर्ण झालेल्या दर वर्षामागे 15 दिवसांचं सरासरी वेतन मालकाला द्यावं लागतं. नेमणूकपत्र आणि पगाराच्या पावत्या पहिल्या महिन्यापासून जपा.

आज काम आहे ते पॅकेजिंगमध्ये. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये लग्नपत्रिका, कॅटलॉग ठप्प झाले. औषधांची खोकी छापावीच लागत होती.

मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारातल्या सरकारी मुद्रण संस्थेत दहावीनंतर डिप्लोमा करता येतो. तो केलात तरी सुरुवातीला मशीनमनच्या शेजारी उभे राहा आणि तो ऑफसेटच्या प्लेटवरचं पाणी कसं सांभाळतो ते बघा. पाणी जास्त झालं की रंग फिका पडतो, कमी झालं की कोऱ्या जागेवर शाई धरते. शीट ओढून चारही रंगांच्या खुणा एकमेकींवर बसल्यात का, हे तो भिंगातून तपासतो. शाईची घनता मोजणारा डेन्सिटोमीटर आकडा देतो, पण शाईची कोणती चावी किती फिरवायची ते सरावानेच कळतं.

मुलाखतीत मशीन कोणतं हे विचाराच, पण डाय-पंचिंग (छापलेलं शीट खोक्याच्या आकारात कापणं) आणि पेस्टिंग (खोकं चिकटवणं) प्रेसमध्येच होतं की बाहेर जातं, तेही विचारा. तिथेच होत असेल तर हेल्परलाही दोन-तीन खाती शिकता येतात. नुसती छपाई असेल, तर पगार थोडा जास्त मिळाला तरी मी दुसरी प्रेस शोधेन.