आयएसएमबी २५० मिळत नसेल, तर वजनावर जाऊ नका

चाकणला मेझनाइनचं (शेडमधल्या मधल्या मजल्याचं) काम चालू होतं आणि आयएसएमबी २५०, म्हणजे २५० मिमी उंचीचा आय आकाराचा स्टील बीम, मिळेना. फॅब्रिकेटर म्हणाला, "साहेब, दोन आयएसएमसी २००, म्हणजे २०० मिमीचे सी आकाराचे चॅनेल, पाठीला पाठ लावून जोडतो. वजन उलट जास्तच भरतंय." खरंच भरत होतं, मीटरला ३७ किलोच्या जागी ४४. तरी मी स्टील टेबल उघडलं. बीमचा सेक्शन मॉड्युलस (वाकताना किती ताकद मिळते त्याचं माप) ४१० घन सेंमी, दोन चॅनेलचा मिळून ३६४. मोमेंट ऑफ इनर्शिया (बीम किती ताठ त्याचं माप) ५१३० सेंमी⁴ वरून ३६४० वर. म्हणजे तेवढ्याच लोडला डिफ्लेक्शन (बीमला येणारा बाक) १.४ पट. मी नाही म्हणालो.

तुम्हीही आधी हे दोन आकडे बघा, मग शिअर (आडवं कातरलं जाणं) आणि बकलिंग (दाबाखाली बाजूला वाकणं). ई२५० ग्रेडच्या स्टीलऐवजी जास्त ताकदीचं ई३५० घेतल्याने ताकद वाढते, डिफ्लेक्शन तेवढंच राहतं. आणि एकटं चॅनेल बीमच्या जागी परस्पर घालू नका, ते पिळतं.

आम्ही आयएसएमबी ३०० घेतला. हेडरूम ५० मिमी कमी झाली, क्लीटची (बीम जोडायच्या तुकड्यांची) भोकं नव्याने मारावी लागली. डिझायनरची सही असलेलं सुधारित ड्रॉइंग हातात येईपर्यंत मी गॅस कटर पेटवू दिला नाही.