चालता चालता बंद पडणारी सिटी व्हीटेक: लपलेला इग्निशन फॉल्ट कसा पकडायचा

जुनी होंडा सिटी व्हीटेक घेऊन कुणी माझ्याकडे आलं की डिकीत बहुतेक वेळा काढलेल्या पार्टची पिशवी असते. प्लग बदलले, वायरी बदलल्या, कॉइल बदलली, पेट्रोल पंपही नवा टाकला. तरी गाडी मधूनच बंद पडते आणि पंधरा मिनिटांनी काही झालंच नाही अशी सुरू होते. २००० साली आलेल्या या गाडीचं दीड लिटरचं, १०६ बीएचपीचं इंजिन अजूनही घाटात अंगावर काटा आणतं. अशी गाडी कंटाळून भंगारात जाते तेव्हा जीव तुटतो, कारण दोष बहुधा छोटा असतो.

म्हणून पहिली गोष्ट: बंद पडली त्या क्षणी काय गेलं हे कळेपर्यंत एकही पार्ट विकत घेऊ नका. करंट गेला, पेट्रोल गेलं, की दोघांना पोसणारा सप्लाय गेला?

याचं उत्तर आरपीएमचा काटा देतो. मोकळ्या रस्त्यावर चालता चालता इंजिन बंद पडलं की लगेच क्लच दाबू नका. गाडी गिअरमध्येच घरंगळू द्या आणि शेजारी बसलेल्याला काट्यावर नजर ठेवायला सांगा. चाकं इंजिन फिरवताहेत, तरीही काटा झटकन शून्यावर पडला, तर डिस्ट्रिब्युटरमधला (प्लगना आळीपाळीने करंट वाटणारा भाग) इग्नायटर, म्हणजे कॉइलचा करंट चालू-बंद करणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट, तरी गेला किंवा त्याचा सप्लाय तरी. काटा गाडीच्या वेगाबरोबर सावकाश उतरला, तर आधी पेट्रोलकडे बघा.

गाडी थांबली की बॉनेट उघडण्याआधी चावी बंद करून पुन्हा ‘ऑन’ करा, सेल्फ मारू नका. चेक इंजिनचा दिवा दोनेक सेकंद लागून विझला पाहिजे आणि मागच्या सीटखालून पंपाची तेवढीच घरघर ऐकू आली पाहिजे. दिवा लागतो पण पंप गप्प, असं उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीत झालं, तर डॅशबोर्डखालचा मेन रिले काढा. हा विजेवर चालणारा स्विच ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), इंजेक्टर आणि पंप यांना सप्लाय देतो. त्याचं झाकण उघडून सर्किटची सोल्डरची बाजू उजेडात धरा, भिंग घ्या. एखाद्या जाड पिनेभोवती केसाएवढी काळी गोल रेघ दिसेल. तीच चीर. केबिन तापली की ती फाकते, काचा उघडून थोडं थांबलं की पुन्हा टेकते. जुनं सोल्डर ओढून घ्या, फ्लक्स लावा, ६०/४० सोल्डरने पिना नव्याने भरा. नवा रिले घेण्याआधी हे करून पाहाच.

काटा शून्यावर पडत असेल तर डिस्ट्रिब्युटरकडे या. जुना प्लग वायरीला लावा, त्याची बॉडी जम्पर वायरने इंजिनला पक्की अर्थ करा आणि सेल्फ मारायला लावा. प्लग हातात धरू नका, हजारो व्होल्ट असतात. वायर मोकळीही सोडू नका. ठिणगीला वाट मिळाली नाही तर कॉइल आणि इग्नायटर मरतात. जवळपास पेट्रोलचा वास असेल तर ही टेस्ट करूच नका. निळी, कडकड वाजणारी ठिणगी हवी. पिवळट, बारीक असेल तर कॉइल मोजा: प्रायमरी साधारण ०.६ ते ०.८ ओहम, सेकंडरी १३ ते १९ किलोओहम. आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवा आणि येईल तो आकडा वजा करा, नाहीतर एवढ्या लहान मापात फसाल. आणि मोजायचं ते गाडी बंद पडलेली असताना, गरम. थंड कॉइल आणि थंड इग्नायटर बहुतेक वेळा पास होतात. गॅरेजमध्ये ‘सगळं ओके आहे’ असं ऐकू येतं ते यामुळेच. घरी हेअर ड्रायरने इग्नायटर तापवून तोच फॉल्ट आणता येतो. डिस्ट्रिब्युटरची कॅप काढलीच आहे तर आत तपकिरी भुकटी आहे का पाहा. असेल तर शाफ्टचं बेअरिंग झिजलंय, आणि मग नवी कॅप-रोटर टाकून काही साधणार नाही.

पार्ट चांगले निघाले तर सप्लाय तपासा, आणि इथे घाई करू नका. आपल्याकडच्या या वयाच्या गाड्यांत कुणीतरी कधीतरी अलार्म किंवा सीएनजी किट बसवलेलं असतं. अलार्मवाला इग्निशनची वायर तोडून मध्ये स्वतःचा रिले घालतो आणि जोड नुसता पिळून टेप मारतो. स्टीअरिंगखालचं कव्हर काढा. चिकट, काळी पडलेली टेप सोलली की आत हिरवी बुरशी चढलेल्या तारा दिसतात, दहातल्या निम्म्या तुटलेल्या. खड्ड्यात गाडी झटका मारते तो बऱ्याचदा इथला. अलार्म मुळासकट काढा, तारा स्वच्छ कापून सोल्डर करा, वर हीटश्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा.

मग इंजिन चालू ठेवून मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर, दुसरी कॉइलच्या सप्लाय वायरवर. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर वाटेत कुठेतरी करंट अडतोय. तसंच वाचन बॅटरीच्या मायनसपासून इंजिनच्या बॉडीपर्यंत घ्या. मीटर लावलेला असतानाच चावी हळूच हलवा, कपलर (वायरींचे प्लास्टिकचे जोड) एकेक ओढून बघा. चावी हलवल्यावर आकडा उडाला तर इग्निशन स्विचचे कॉन्टॅक्ट जळालेत.

फक्त पावसाळ्यात मिस करणाऱ्या, म्हणजे मध्येच ठिणगी चुकवणाऱ्या गाडीला एवढा खटाटोप नको. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवा, प्लग वायरींवर स्प्रेच्या बाटलीने पाण्याचा फवारा मारा आणि हात लांब ठेवून बघा. जिथून निळी ठिणगी सरपटेल ती वायर बदला.

दुरुस्ती झाली की गावात एक चक्कर मारून गाडी ताब्यात देऊ नका. मी वाईहून पसरणी घाट चढवतो, तोही दुपारी, एसी लावून. पाचगणीला इंजिन बंद करतो, बॉनेट न उघडता वीस मिनिटं थांबतो. उभ्या गाडीत बॉनेटखालची उष्णता आणखी चढते, आणि अर्धवट मेलेला इग्नायटर तेव्हाच दगा देतो. पहिल्या सेल्फला सुरू झाली की तशीच खाली आणून वाईत पुन्हा तेवढाच वेळ उभी करतो. दोन्ही वेळा सुरू झाली, तरच मालकाला फोन करतो.