कोंबड्यांची जाळी घेताय? या चुका टाळा

लोक आधी पिल्लं आणतात आणि मग जाळी शोधायला का धावतात, हे मला आजवर कळलेलं नाही. मग घाईघाईत हार्डवेअरच्या दुकानात जाऊन 'चिकन मेश द्या' म्हणायचं, आणि दुकानदार पुढ्यात पडलेला स्वस्तातला रोल काढून देणार. तो बऱ्याचदा प्लास्टरचा असतो, म्हणजे कॉलम आणि विटांच्या जॉइंटला भेग पडू नये म्हणून गवंडी मारतात ती जाळी. दिसायला तशीच षटकोनी, पण तार 24 गेजची नाहीतर त्याहून बारीक, दोन बोटं घालून ओढली तरी भोक मोठं होतं. आणि गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते, जाड नाही! 24 म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या जरा वर, 20 म्हणजे साधारण 0.9. मी 20 पेक्षा बारीक घेतच नाही, दुकानदार काहीही सांगो.

आमच्या वाडीत एकाने हौसेने कडकनाथ आणले आणि ही प्लास्टरची जाळी मारली. एका रात्रीत निम्म्या कोंबड्या गेल्या, अंगणभर पिसं. गडी म्हणे मुंगूस, आणि लागला की पिंजरा लावायला. मी जाऊन बघितलं तर जाळी खालच्या बाजूला आत ढकललेली, षटकोन ताणून लांबट झालेले आणि तारेच्या पिळात तांबूस केस अडकलेले. कुत्री होती, वाडीतलीच. त्याला सांगितलं वेल्ड मेश मार, म्हणजे तारा एकमेकींना वेल्ड केलेली चौकोनी जाळी, तर याने काय केलं, उरलेल्या त्याच जाळीचा दुसरा थर मारला, कारण रोल शिल्लक होता! कुत्री परत आली. मग मारली वेल्ड मेश, तोवर कोंबड्या किती उरल्या ते विचारू नका.

कोंबडी जाळी कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. म्हणून खालचे दोन-तीन फूट मी वेल्ड मेशच मारतो, अर्धा इंची भोकाची, वर मग साधी चालते. खर्च वाढतो, वाढू दे.

दुसरी माझी डोकेदुखी म्हणजे जमिनीला टेकवून सोडलेली जाळी. घूस खालून उकरते, मग त्याच बिळातून मुंगूस येतं, आणि ते दिवसाढवळ्या येतं, आपण घरात जेवत असतो तेव्हा. कोणी म्हणतं फूटभर चर खणून जाळी गाडा. आमच्या कातळावर कोण खणणार? मी दीड-दोन फूट पट्टी बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवी पसरतो, भिंतीच्या जाळीला तारेने शिवून टाकतो आणि वर चिरे ठेवतो. उकरणारं जनावर भिंतीच्या बुडाशीच उकरतं, दोन फूट मागे जाऊन सुरुवात करायची अक्कल त्याला सहसा नसते.

बाकीचं पटापट. पिल्लांना एक इंची नको, निसटतात, अर्धा इंचीच. बांधायला काळी बाइंडिंग वायर वापरू नका, एका पावसाळ्यात गंजून तुटते, जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली तार घ्या. साधा खिळा वाकवून मारणाऱ्यांना तर मी नमस्कारच करतो, यू खिळे मिळतात हो बाजारात. आणि वरून उघडं ठेवलंत तर रानमांजर आहेच, पिल्लांना शिकराही पुरतो.

सगळ्यात दुर्लक्ष होतं ते कापलेल्या तुकड्यांकडे. जाळी कापताना इंच-दीड इंचाचे तुकडे उडतात, गवतात पडतात, आणि तेच गवत गाय-म्हैस खाते. तार पोटात जाऊन बसते आणि पुढे सरकत हृदयापर्यंत टोचू शकते, गुरांच्या डॉक्टरांना विचारा. कोंबड्याही चकाकणारं काही दिसलं की टिपतात. म्हणून मी ताडपत्री अंथरूनच कापतो आणि शेवटी जुन्या स्पीकरचं चुंबक दोरीला बांधून सगळीकडे फिरवतो, तरी दरवेळी दोन-चार तुकडे चिकटून येतातच.