एकेका जेवणाचे डबे गोठवून ठेवताना

इंदुरात एकट्याने राहणाऱ्या मराठी माणसाला वाटीभर वरणासाठी रोज कुकर लावण्याचा कंटाळा येतो. त्याने रविवारी एकदाच स्वयंपाक करून एकेका जेवणापुरते डबे गोठवून ठेवावेत. आमटी, उसळ, मसालेभात आणि मक्याच्या हंगामात भुट्ट्याचा कीस हे पदार्थ चांगले टिकतात. बटाट्याच्या फोडी मात्र रवाळ आणि पाणचट होतात, आणि कढी फुटते, म्हणून ती ताजीच करावी.

खरी काळजी अन्न थंड करताना घ्यावी लागते. शिजलेले अन्न दोन तासांच्या आत, आणि मे महिन्यात माळव्यात पारा 40 अंशांवर असताना तासाभरातच, फ्रीजमध्ये गेले पाहिजे. त्यासाठी ते पसरट भांड्यात ओतून, ते भांडे गार पाण्याच्या परातीत ठेवावे. भाताबाबत तर अजिबात हयगय करू नये, कारण त्यातील काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, आणि कोमट भातात ते वाढून तयार झालेले विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही.

पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगते, त्यामुळे आमटीचा डबा वरून बोटभर रिकामा ठेवावा, झाकणावर पदार्थाचे नाव व तारीख लिहावी आणि उणे 18 अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवून दोन-तीन महिन्यांत संपवावा. आदल्या रात्री तो फ्रीजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी आमटीला चांगली उकळी आणावी. फोडणी तेव्हाच वरून घातली, तर चव अधिक खुलते. उरलेले पुन्हा गोठवू नये.