युव्हिआयटिसमध्ये ओसीटीवरून नजरेचा अंदाज: आकड्याआधी रेष पाहा

युव्हिआयटिसच्या (डोळ्याच्या आतल्या दाहाच्या) रुग्णाचा ओसीटी (प्रकाशाने डोळ्याच्या पडद्याचा छेद दाखवणारा स्कॅन) रिपोर्ट उघडला की डोळे आधी मधल्या आकड्याकडे वळतात. हा आकडा म्हणजे मॅक्युलाच्या (पडद्याच्या, म्हणजे रेटिनाच्या, बारीक नजरेसाठी लागणाऱ्या मधल्या भागाच्या) मधोमध 1 मिमी व्यासाच्या वर्तुळातली पडद्याची सरासरी जाडी, मायक्रॉनमध्ये. सूज उतरतेय की वाढतेय हे तो चांगलं सांगतो. नजर किती परत येईल, हे त्या एकट्यावरून ठरवू नका.

स्कॅनच्याच दिवशी चष्म्याचा नंबर काढून नजर मोजा. बाहुली आतून चिकटलेली असेल तर थेंब टाकून शक्य तितकी मोठी करा. डोळा कोरडा असेल तर कृत्रिम अश्रूंचा एक थेंब टाकला की चित्र पुष्कळदा उजळतं. सिरस मशीनवर सिग्नल 10 पैकी 6 पेक्षा कमी आला तर स्कॅन पुन्हा घ्या. दर वेळी तेच मशीन वापरा. पडद्याची खालची सीमा प्रत्येक मशीन वेगळ्या थरावर धरतं, म्हणून स्पेक्ट्रॅलिस मशीनचा आकडा सिरसपेक्षा मोठा येतो. मशीन बदललं की सूज वाढल्याचा भास होतो.

आता आकडा बाजूला ठेवून फोव्हियातून (मॅक्युलाच्या मधल्या खळग्यातून) जाणारा आडवा छेद मोठा करून बघा. मशीनने आखलेल्या सीमा पडद्यावरच बसल्यात ना? सुजेच्या पोकळ्यांपाशी किंवा पडद्यावर पातळ पापुद्रा आलेला असेल तिथे त्या हमखास घसरतात. घसरल्या असतील तर हाताने दुरुस्त करा.

मग खालच्या बाजूची एलिप्सॉईड झोनची चमकदार रेष पाहा. प्रकाश टिपणाऱ्या पेशींची तब्येत तिथे दिसते. फोव्हियाच्या दोन्ही बाजूंना 500 मायक्रॉनपर्यंत ती सलग असेल, तर जाडी 450 मायक्रॉन असली तरी नजर सुधारण्याची आशा धरा. सूज ओसरून आकडा 250 वर आलाय, पण रेष तुटलेली किंवा गायब आहे, तर नजर बहुधा अडखळेल. तुटलेला भाग कॅलिपरने मोजून नोंदवा.

इथे एक चूक फार होते. मोठ्या पोकळीची सावली खाली पडते आणि धड असलेली रेषही फिकट दिसते. स्कॅन तिरका झाला तरी एक बाजू मंदावते. म्हणून भरपूर सूज असताना ‘रेष गेली’ असा शेरा मारू नका, सूज उतरल्यावर पुन्हा बघा. रुग्णाला निराशेची बातमी तर त्याआधी मुळीच देऊ नका.

आतल्या थरांच्या सीमाही पाहा. त्या एकमेकांत मिसळून ओळखू येईनाशा झाल्या असतील तर अंदाज खाली आणा.

छेद चांगला, पण नजर वाईट? मग मोतीबिंदू, काचद्रवातला (डोळ्यातल्या पारदर्शक जेलमधला) गढूळपणा आणि दृष्टिमज्जा (डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस) तपासा. मॅक्युलाचा रक्तपुरवठा तुटल्याची शंका असेल तर फ्लुरेसिन अँजिओग्राफी किंवा ओसीटी अँजिओग्राफी, यांपैकी रक्तवाहिन्यांची एक तपासणी करा.

पुढचा स्कॅन फॉलो-अप मोडमध्ये, त्याच जागी घ्या. जाडीत 20 टक्क्यांच्या आसपास फरक पडला तर तो खरा बदल समजा. 5-10 मायक्रॉनच्या चढउतारावर औषध बदलू नका.