मजकूर पटकन येतो पण फोटो रेंगाळतात? हे बघा

पानावरचा मजकूर लगेच दिसतोय आणि फोटोंच्या जागी नुसते राखाडी चौकोन, असं होत असेल तर लगेच प्लॅन वाढवायला जाऊ नका. आधी एकच साईट बोंबलतेय की सगळ्याच, ते बघा. एकच असेल तर बहुतेक त्यांचाच सर्व्हर स्लो आहे, आपण काही करू शकत नाही, सोडून द्या.

सगळीकडे तसंच असेल तर लॅपटॉपला राउटरची लॅन केबल लावून तेच पान उघडा. केबलवर फोटो झटकन आले म्हणजे दोष वायफायचा, मग राउटरजवळ बसा किंवा २.४ ऐवजी ५ गीगाहर्ट्झचं नेटवर्क पकडा, त्याची रेंज कमी असते पण स्पीड चांगला मिळतो.

केबलवरही रडारड असेल तर घरात कुणाच्या मोबाईलचा फोटो बॅकअप चालू आहे का ते विचारा. हे कुणाच्या डोक्यातच येत नाही, पण अपलोड तुंबलं की ब्राउझरच्या रिक्वेस्टपण त्याच रांगेत अडकतात आणि डाउनलोडही मंदावतं. बॅकअप थांबवून बघा, फरक लगेच कळतो.

नाहीच जमलं तर इनकॉग्निटोत (ब्राउझरच्या खासगी विंडोत) उघडून बघा (तिथे एक्स्टेन्शन्स, म्हणजे ब्राउझरला जोडलेली छोटी ॲप्स, सहसा बंद असतात), व्हीपीएन बंद करा, आणि डीएनएस (साईटच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधून देणारी सेवा) बदलून १.१.१.१ किंवा ८.८.८.८ टाका, कारण फोटो बऱ्याचदा वेगळ्याच सर्व्हरवरून येतात आणि त्याचा पत्ता शोधण्यातच वेळ जातो. कॅशे (ब्राउझरने आधीच साठवून ठेवलेले फोटो वगैरे) उगाच सारखी साफ करू नका, उलट सगळे फोटो परत पहिल्यापासून डाउनलोड होतात.