बालवाडीत शिकवायला येताय? मुलांचं मोजणं नीट बघा

लहान मुलांना खेळातून शिकवायचं की वहीतून, हा वाद कोर्सला ऐकून झाला असेलच. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षं हा एक पायाभूत टप्पा केला, त्या टप्प्यासाठीच्या २०२२ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात ३ ते ६ वर्षांच्या मुलांना पाठ्यपुस्तकच नको म्हटलंय. पण वर्गात गेलात की पालक पहिल्याच महिन्यात विचारणार, लिहायला कधी घेणार? आणि मॅनेजमेंट पालकांच्या बाजूने. तयारीत राहा.

मला सगळ्यात जास्त दमवलं ते आकड्यांनी. मूल १ ते ५० घडाघडा म्हणतं, वहीत सुबक काढतं, घरचे खूश. त्याच मुलापुढे चिंचोके ठेवा आणि म्हणा, मला सात दे. मूठ भरून देतं! मोजायला लावलं तर बोट अजून दुसऱ्या चिंचोक्यावर आणि तोंड पाचवर पोचलेलं. काही मुलं सात बरोबर मोजतात, पण "मग किती आहेत?" विचारलं की परत एकपासून सुरू. ते मूल ढ नाहीये हो, शेवटचा आकडा म्हणजे एकूण किती हे त्याला अजून उमगलेलं नसतं, तिथे पाठांतर वाढवून काहीही होत नाही. वाट्या मांडा, प्रत्येक वाटीत एक शेंगदाणा, डबा खायच्या वेळी ताटल्या त्यालाच वाटू द्या, कमी पडली की आणखी किती हव्यात ते त्यालाच विचारा. मराठीत वीसच्या पुढे एकोणतीस, एकोणचाळीस असलं अवघड प्रकरण आहे, त्यामुळे तिकडे घाई नकोच.

नेटवरून वर्कशीट छापून वाटणं मला अजिबात पटत नाही, ताईंचा वेळ वाचतो एवढंच. महागडं किट नाही म्हणूनही अडून बसू नका, बालशिक्षणाचा पाया घालणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसोबत आजूबाजूच्या साध्या वस्तूंवरच काम उभं केलं. शिकायचं तर मुलांशेजारी जमिनीवर बसणाऱ्या सिनियर ताईकडून शिका, नुसत्या फायली दाखवणारीकडून नाही. आणि खेळ म्हणजे मुलांना मोकळं सोडून आपण मोबाईल बघणं नव्हे, आज काय बघायचंय हे आपल्या डोक्यात पक्कं हवं.

पगार कमी आहे, पहिलं वर्ष जड जातं, पण जमतं. पालकसभेत भाषण देऊ नका, आईबाबांसमोर मुलाला चिंचोके मोजू द्या. बऱ्याच जणांना तिथेच पटतं, काही जण तरी ट्यूशन लावतातच, त्यांच्याशी भांडत बसू नका.